रजोनिवृत्ती आणि स्त्रीचे हृदय : एका वैद्यकीय समजुतीचा इतिहास

रजोनिवृत्ती होईपर्यंत स्त्रीला हृद्रोगापासून निसर्गदत्त संरक्षण असते आणि रजोनिवृत्ती झाली की ते सरते, हे विधान वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून बाहेर पडून सुशिक्षित घरांतील बोलण्यात रुळले आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. तथापि वैद्यकातील प्रत्येक सामान्य विधानामागे कोणाची तरी शरीरे मोजलेली असतात आणि कोणाची तरी मोजावयाची राहून गेलेली असतात. हे विधान केव्हा रूढ झाले, कोणत्या शरीरांवरून काढले गेले, आणि महाराष्ट्रातील ज्या स्त्रियांना ते आज लावले जाते त्यांच्याविषयी आपणांस वस्तुतः काय ठाऊक आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

हा शोध घेताना दृष्टीसमोर एक गाव ठेवले आहे. पुण्याच्या चांदणी चौकातून पौडकडे निघाले म्हणजे बावधनच्या पुढे भूगाव लागते. वैद्यकाच्या इतिहासात गाजलेले हे गाव नव्हे. म्हणूनच ते निवडले. फ्रॅमिंगहॅमविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. फ्रॅमिंगहॅमवरून काढलेला निष्कर्ष भूगावात येऊन पोहोचतो तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे की आधुनिक आरोग्यशास्त्राने पुरुष मोजला तो प्रामुख्याने हृदयासाठी आणि स्त्री मोजली ती गर्भाशयासाठी. गर्भाशयाचे कार्य संपलेली स्त्री या दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत पडली.

प्राचीन भारतीय वैद्यकात रजोनिवृत्तीची दखल नाही असे कोणी म्हणू नये. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी आणि क्षय पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास सांगितला आहे. हा क्षय रोग म्हणून गणलेला नाही. वार्धक्याने शरीर पक्व झाल्याचा तो एक परिणाम आहे. हृद्रोगाचा विचार त्याच संहितेत निराळ्या ठिकाणी, उत्तरतंत्रात, येतो. एक शारीरस्थानात, दुसरा उत्तरतंत्रात. ग्रंथरचनेतले हे अंतर येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे युरोपीय वैद्यकातही हे दोन विषय दीर्घकाळ असेच निरनिराळ्या दालनांत राहिले.

लोकव्यवहारात तर या घटनेकडे पाहण्याची दृष्टी वेगळीच. आपल्या ग्रामीण भागात 'पाळी गेली' असे म्हणताना त्यात दुःखापेक्षा सुटकेचाच भाव अधिक असतो. महिन्याचे चार दिवस बाजूला बसावयाचे, देवघराकडे फिरकावयाचे नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावावयाचा नाही, 'कावळा शिवला' म्हणून पोरांना लांब ठेवावयाचे, हा जाच संपतो. देवाचा नैवेद्य करावयास ती मोकळी होते. सुना आलेल्या असतात आणि घरातील तिचा अधिकार वाढतो. ज्या घटनेने समाजात स्त्रीचे स्थान उंचावते ती घटना आजाराची नांदी ठरू शकते, ही कल्पना या चौकटीत बसणे कठीण आहे. शिवाय बाईचे दवाखान्याशी नाते असते ते बाळंतपणाचे, पाळीचे आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचे. पाळी गेली की तेही संपते. हृदयाची काळजी सुरू व्हावयाची त्याच सुमारास वैद्याशी येणारा तिचा संबंध तुटतो, ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा आड येणार आहे.

युरोपात 'मेनोपॉझ' या शब्दाला आजचे रूप दिले ते गार्दान या फ्रेंच वैद्याने, १८२१ साली. इंग्लंडात एडवर्ड टिल्टचा या विषयावरील ग्रंथ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. या वाङ्मयात घाम, दरदरून येणारे उष्णतेचे झोत, चित्तभ्रम, रक्तस्राव यांची चर्चा विपुल आढळते. हृदयाच्या धडधडीचाही उल्लेख येतो. परंतु त्या धडधडीकडे पाहिले जाई ते मज्जासंस्थेचा क्षोभ म्हणून.

दुसरीकडे हृद्रोगाचे वाङ्मय आरंभापासूनच पुरुषांचे होते. विल्यम हेबर्डन याने १७६८ साली लंडनच्या वैद्यमंडळापुढे छातीतील ज्या वेदनेचे वर्णन वाचले व जे १७७२ मध्ये छापले गेले, त्या वर्णनापासून 'अंजायना'चा आधुनिक इतिहास सुरू होतो. हेबर्डनच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या टिपणांत असे नमूद आहे की या विकाराचे सुमारे शंभर रुग्ण त्याने पाहिले आणि त्यांत स्त्रिया होत्या केवळ तीन. या आकड्याचा अर्थ काय लावावयाचा ? स्त्रियांना हा विकार खरोखरच कमी होता, की हेबर्डनची फी देऊन त्याच्याकडे येणाऱ्यांत स्त्रिया कमी होत्या, की त्यांची वेदना त्याच्या वर्णनात बसत नव्हती ? तिन्ही शक्य आहेत. पुढील दीडशे वर्षे मात्र वैद्यकाने पहिलाच अर्थ स्वीकारला.

या दोन प्रवाहांचा संगम झाला तो विसाव्या शतकात, आणि तो घडवून आणला संप्रेरकांच्या रसायनशास्त्राने. १९२९ साली अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बुटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे स्त्रीसंप्रेरकाचा एक प्रकार, इस्ट्रोन, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १९४२ मध्ये गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेनचे मिश्रण 'प्रेमारिन' या नावाने अमेरिकेच्या बाजारात आले. पदार्थ हाती आला की त्याच्या अभावाने होणारे रोगही दिसू लागतात, हा वैद्यकाच्या इतिहासातील नेहमीचा क्रम आहे. १९५९ मध्ये एडिंबरोच्या ऑलिव्हर आणि बॉइड यांनी तरुण वयात दोन्ही अंडाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. एकच अंडाशय काढलेल्या स्त्रियांच्या तुलनेत त्यांच्यात हृदयाच्या रोहिण्यांचा विकार अधिक आढळला आणि रक्तातील कोलेस्टेरॉलही वाढलेले दिसले. पाहणी लहान होती, पण तिचे महत्त्व मोठे. वय आणि रजोनिवृत्ती या दोन गोष्टी निसर्गात एकत्रच येतात. त्यांची फारकत करावयाची तर ज्यांची रजोनिवृत्ती अकाली, शस्त्राने झाली अशाच स्त्रियांकडे पाहावे लागते. वाचकाने हा मुद्दा ध्यानात ठेवावा. बीड जिल्ह्यात आपणांस त्याकडे परत यावयाचे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेला अभ्यास या समजुतीचा खरा आधार होय. ५,२०९ रहिवाशांची दर दोन वर्षांनी तपासणी होत असे आणि त्यांत २,८७३ स्त्रिया होत्या. स्त्रियांना प्रारंभापासून सामील करून घेतले, हा फ्रॅमिंगहॅमचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. चोवीस वर्षांच्या निरीक्षणानंतर, १९७६ व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून जे निष्पन्न झाले ते असे : पाळी चालू असलेल्या एकाही स्त्रीला हृदयस्नायूचा झटका आला नाही, की हृदयाच्या रोहिणीविकाराने मृत्यू आला नाही; पाळी गेलेल्यांत मात्र या घटना सर्रास आढळल्या. 'एकाही स्त्रीला नाही' हे शब्द इतके ठसठशीत आहेत की त्यांच्यापुढे बारकावे टिकणे अवघडच होते. वस्तुतः चाळीस ते पंचावन्न या वयातील घटनांची एकूण संख्याच थोडी होती, आणि ती गावच्या गोऱ्या, मध्यमवर्गीय स्त्रियांची होती.

पुढला पूल ओलांडावयास औषध-व्यवसायाला फारसा वेळ लागला नाही. किंबहुना तो आधीच ओलांडला गेला होता. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाचे इस्ट्रोजेनची तरफदारी करणारे लोकप्रिय पुस्तक १९६६ सालचे. त्याच वर्षी अमेरिकेत एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. स्त्रियांना इस्ट्रोजेन वाचविते, तर ते पुरुषांनाच का देऊ नये, या तर्काने हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांच्या गटांना इस्ट्रोजेन देण्यात आले. दोन्ही मात्रा अपाय दिसल्यामुळे मुदतीपूर्वी, १९७० व १९७३ मध्ये, थांबवाव्या लागल्या. येथे विचार करण्यासारखी गोष्ट ही की स्त्रीसंप्रेरकाची हृदयासाठी पहिली मोठी चाचणी झाली ती पुरुषांवर ! स्त्रियांवरील तशी चाचणी होण्यास आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. दरम्यान निरीक्षणांच्या आधारे लक्षावधी स्त्रियांना ही औषधे हृदयरक्षणासाठी म्हणून लिहून दिली जात होती.

चाचणी झाली तेव्हा निकाल उलटा लागला. हृद्रोग असलेल्या २,७६३ स्त्रियांवरील चाचणीत १९९८ साली एकूण लाभ दिसला नाही. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड योजनेतील १६,६०८ स्त्रियांचा गट जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी बंद करण्यात आला, कारण औषध घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग वाढला आणि हृदयविकारही घटण्याऐवजी थोडा वाढलेला दिसला. यावर पुढे पुष्कळ ऊहापोह झाला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षे लोटली होती; पाळी जाताच औषध सुरू केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न संशोधकांनी उपस्थित केला व तो रास्त आहे. पण हृदयाच्या प्रतिबंधासाठी म्हणून हे औषध देऊ नये, यावर आता सर्वसाधारण मतैक्य आहे.

मग मूळ समजुतीचे काय राहिले ? १९९८ मध्ये स्कॉटलंडचे ह्यू टन्स्टॉल-पेडो यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक मार्मिक आक्षेप घेतला. वयानुसार हृद्रोगमृत्यूंचा आलेख काढला तर स्त्रियांच्या रेषेला पन्नाशीजवळ कोणताही वाक दिसत नाही. ती संथपणे चढतच राहते. वाक आहे तो पुरुषांच्या रेषेत. पुरुषांचा धोका तारुण्यात झपाट्याने वाढतो व पुढे त्याचा वेग मंदावतो, म्हणून दोन रेषा जवळ येतात. आपण मात्र म्हणतो की पन्नाशीनंतर स्त्रीचे संरक्षण गेले ! २०११ मध्ये इंग्लंड-वेल्स आणि अमेरिका यांच्या मृत्यूनोंदींवरून केलेल्या गणितानेही याच निष्कर्षाला पुष्टी दिली. पुरुषाची रेषा प्रमाण मानून स्त्रीची रेषा वाचण्याची सवय किती खोल आहे याचे यापरते उदाहरण मिळणे कठीण.

असे असले तरी सर्व काही वयाचेच, रजोनिवृत्तीचे काहीच नाही, असे म्हणणेही एकांगी होईल. अमेरिकेतील परिचारिकांच्या विख्यात अभ्यासाने (१९७६ साली त्यात १,२१,७०० परिचारिका सामील झाल्या) १९८७ मध्ये नेमका भेद दाखविला. नैसर्गिक वयात पाळी गेलेल्यांत, वय आणि धूम्रपान यांचा हिशेब वजा जाता, धोका वाढलेला दिसला नाही. परंतु दोन्ही अंडाशय शस्त्रक्रियेने काढलेल्या आणि संप्रेरके न घेतलेल्या स्त्रियांत तो दुपटीहून अधिक होता. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पाच वांशिक समूहांतील ३,३०२ स्त्रियांचा जो अभ्यास रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळावर सुरू झाला त्याने आणखी एक गोष्ट निश्चित केली : शेवटच्या पाळीच्या मागच्या-पुढच्या वर्षभरातच रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल एकदम चढते, आणि ही चढ केवळ वयाने होणाऱ्या वाढीहून निराळी असते. याच काळात चरबीचा साठा मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकतो आणि रोहिण्यांचा लवचिकपणा घटतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० साली काढलेल्या निवेदनात या संक्रमणकाळाला प्रतिबंधाची संधी म्हटले आहे ते याच आधारे. तेव्हा आजच्या ज्ञानाचा मथितार्थ असा की पाळी जाणे म्हणजे कडा कोसळणे नव्हे; पण ती कधी जाते आणि कशी जाते, याला फार महत्त्व आहे. चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत गेली, विशेषतः शस्त्राने गेली, तर धोका खरा आहे. त्या पाच वांशिक समूहांत गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी व जपानी स्त्रिया होत्या. भारतीय स्त्रिया त्यांत नव्हत्या.

भारतीय स्त्रियांविषयी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. इंडियन मेनोपॉझ सोसायटीने केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६.२ वर्षे निघाले. पाश्चात्त्य देशांत ते सामान्यतः ५१ च्या आसपास असते. बावन्न देशांतील रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात, २००७ च्या निबंधानुसार, दक्षिण आशियातील लोकांना हृदयाचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, तर अन्य देशांतील लोकांना ५८.८ व्या वर्षी. दोन्ही ठिकाणी अंतर पाच-सहा वर्षांचे आहे. यावरून लगेच कार्यकारणभाव जोडण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण दुसऱ्या आकड्यात पुरुषांचाच भरणा अधिक आहे आणि पुरुषांना रजोनिवृत्ती नसते. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. तरीही प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर आपल्याच प्रदेशात शोधावयास हवे.

पुणे जिल्हा या बाबतीत भाग्यवान म्हणावा लागेल. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी गेल्या काही दशकांत मधुमेह व हृद्रोग यांच्या मुळांविषयी केलेले संशोधन जगभर वाखाणले गेले आहे. त्यातील दोन अभ्यास येथे पाहू. पहिला १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झाला. त्यात सुमारे आठशे गर्भवतींचा आहार, वजन, श्रम यांची काटेकोर मोजणी झाली, आणि दूध, फळे व हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने भरतात हे २००१ मध्ये दाखविण्यात आले. दुसरा अभ्यास हृद्रोगाच्या धोक्याचा. त्यात खेड्यातील १४९, झोपडवस्तीतील १४२ आणि शहरी मध्यमवर्गातील १५० अशा ४४१ मध्यमवयीन व्यक्ती निवडल्या गेल्या, आणि त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सर्वच्या सर्व ४४१ पुरुष होते. निबंधाच्या शीर्षकात मात्र शब्द आहे तो 'ग्रामीण व शहरी भारतीय' असा.

यात संशोधकांना दोष देण्याचा हेतू नाही. मर्यादित साधनांत एका लिंगापुरता अभ्यास केल्याने गणित सुकर होते, आणि मध्यमवयीन स्त्रियांत तर पाळीच्या अवस्थेनुसार आकडे हलतात. नेमकी हीच सबब, पाळीमुळे आकडे हलतात ही, जगभर स्त्रियांना हृद्रोगाच्या अभ्यासांतून वगळण्यास कारण झाली. ॲस्पिरिनमुळे हृदयविकाराचा झटका टळतो हे १९८९ साली सिद्ध करणाऱ्या अमेरिकन चाचणीत २२,०७१ डॉक्टर होते व ते सगळे पुरुष होते. जे पाहावयाचे तेच अडचणीचे म्हणून बाजूला ठेवावयाचे, असा हा प्रकार झाला. शिवाय हेही नमूद केले पाहिजे की सहा खेड्यांतील त्या मातांच्या व पित्यांच्या रक्तशर्करा आदी तपासण्या पुढे झाल्या. मात्र त्या वेळी माता तरुण होत्या. १९९३-९४ मध्ये विशीच्या आसपास असलेल्या त्या स्त्रिया आता पन्नाशीत पोहोचल्या आहेत. गर्भारपणापासून ज्यांची नोंद उपलब्ध आहे अशा ग्रामीण मराठी स्त्रियांचा संपूर्ण समूह आज रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे उभा आहे. पुढच्या अभ्यासकाला याहून मोलाची सामग्री क्वचितच सापडेल.

हेच चित्र राष्ट्रीय पातळीवर अधिक ठळकपणे दिसते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ मध्ये सुरू झाली. तिची प्रश्नावली स्त्रियांना विचारली जाई ती एकोणपन्नास वर्षांपर्यंत. पुढे पुरुषांनाही प्रश्न विचारू लागले तेव्हा त्यांची मर्यादा चोपन्न ठरली. ज्या वयात स्त्रीचा रक्तदाब चढू लागतो त्याच वयात सरकारचे तिच्याविषयीचे कुतूहल संपते. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत रक्तदाब व रक्तशर्करा प्रथमच देशभर मोजण्यात आली, तीही याच मर्यादेत. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत मात्र ती पंधरा वर्षांवरील सर्वांची मोजण्यात आली. त्याआधी २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची स्वतंत्र पाहणी याच संस्थेने केली. फट बुजू लागली आहे, पण उशिरा.

आता बीड. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बीड जिल्ह्यातून टोळ्याच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. मुळशी तालुक्यालाही हे दृश्य अपरिचित नाही. कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना भूगावापासून फार दूर नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवसाचा खाडा झाला तरी दंड कापला जातो. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीतील रक्तस्राव, अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी या तक्रारी घेऊन बाई खासगी दवाखान्यात गेली की 'पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका' असा सल्ला मिळे. दोन मुले झालेली असत, आणि 'पिशवी' काढली म्हणजे कटकट मिटली, असे तिलाही वाटे. बाजूला बसण्याच्या जाचातून सुटका हा जो भाव आरंभी सांगितला तोच येथे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला, आणि त्याला मजुरीच्या हिशेबाची जोड मिळाली.

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे शेकडा सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट सारखे नाहीत, म्हणून ही तुलना ढोबळच समजावी; पण वयोगटाच्या फरकाने एवढी मोठी तफावत क्वचितच पडेल.

या प्रकरणावर वृत्तपत्रांनी, विधिमंडळाने, स्त्रीसंघटनांनी पुष्कळ विचार केला. तो श्रमाच्या शोषणाचा, वैद्यकीय नीतीचा, स्त्रीच्या संमतीचा विचार होता व तो आवश्यकच होता. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. परंतु या सर्व चर्चेत हृदयाचा उल्लेख फार थोडा आढळतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असतील तर तिशीतल्या स्त्रीची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. १९५९ च्या एडिंबरोतील आणि १९८७ च्या परिचारिकांच्या अभ्यासाने जे सांगितले ते सर्व तिला लागू पडते. अंडाशय ठेवले तरी धोका टळतोच असे नाही. तरुणपणी केवळ गर्भाशय काढलेल्या स्त्रियांतही पुढे हृद्रोगाचे प्रमाण अधिक दिसल्याचे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या दीर्घकालीन नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. परिचारिकेला निदान संप्रेरके मिळण्याची शक्यता होती. कोयता धरणाऱ्या बाईला शस्त्रक्रियेनंतर मिळतो तो पुढल्या हंगामाचा करार. २०१९ साली तिशी-पस्तिशीत असलेल्या या स्त्रिया २०३० नंतर पंचेचाळिशी ओलांडतील, आणि त्यांच्यातील छातीचे दुखणे 'गर्भाशयाच्या प्रकरणा'च्या फायलीत कोणी शोधावयास जाणार नाही.

भूगावकडे वळू. येथे ऊसतोडीसारखी नाट्यमय कथा नाही. आहे तो एका खेड्याचा हळूहळू उपनगर होत जाण्याचा क्रम. शेतजमिनी विकल्या गेल्या, रस्त्याच्या दोहों बाजूंस इमारती उठल्या, भातशेतीत वाकून काम करणाऱ्या स्त्रियांच्या सुना आता बसून काम करतात. २०१७ च्या डिसेंबरात 'महाराष्ट्र केसरी'ची कुस्ती याच गावी झाली. पुरुषाचे शरीर तोलून-मोपून पाहण्याची आपली हौस जुनी आहे, एवढेच येथे म्हणावयाचे. खेड्यातून शहराकडे सरकताना रक्तदाब, वजन आणि मधुमेह वाढतात हे पुण्याच्या अभ्यासांनी पुरुषांबाबत दाखविले आहे. जिच्या आयुष्यात हे संक्रमण आणि रजोनिवृत्तीचे संक्रमण एकाच दशकात आले, अशी पन्नाशीची स्त्री येथे घरोघर आहे. तीत ग्रामीण सवयींची भर. धूम्रपानाने पाळी एक-दोन वर्षे लवकर जाते हे सिद्ध आहे. आपल्याकडील बायका विडी-सिगारेट ओढत नाहीत म्हणून डॉक्टर 'तंबाखू नाही' असे लिहून मोकळे होतात. पण तंबाखू भाजून केलेली मशेरी सकाळ-संध्याकाळ दातांना लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही आणि विचारल्यावाचून सांगतही नाही.

शिवाय तिच्या वेदनेचे वर्णन हेबर्डनच्या वर्णनाशी जुळतेच असे नाही. दम लागणे, पाठीत वा जबड्यात कळ, मळमळ, अनाकलनीय थकवा, ही लक्षणे स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक वेळा दिसतात, आणि घरात त्यांना नाव मिळते 'पित्त'. अमेरिकेतील बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्ये लिहिले होते की स्त्रीला पुरुषासारखाच हृदयविकार आहे हे सिद्ध झाल्यावरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. ते अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयांविषयी होते. भूगावच्या बाईला तिथवर पोहोचण्याआधी सोड्याचे पाणी, लिंबू-मीठ आणि 'जरा पडून राहा' हे टप्पे पार करावे लागतात.

शेवटी नोंदीचा प्रश्न. २०२० साली भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेल्यांचे कारण म्हणजे नातेवाइकांनी सांगितलेले व ग्रामपंचायतीत लिहून घेतलेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने खेड्यातील हृद्रोगाचा मागोवा घ्यावयाचा तर त्याला याच नोंदींकडे वळावे लागेल, आणि तेथे 'वृद्धापकाळ' या शब्दाशी त्याची वारंवार गाठ पडेल. पाळी कोणत्या वयात गेली, गर्भाशय वा अंडाशय काढलेले होते काय, हे त्या कागदांत नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खालील नियमांत मृत्यूच्या अहवालाचा जो नमुना दिलेला होता त्यात मृताच्या धूम्रपानाची, तंबाखू व सुपारी खाण्याची, मद्यपानाची चौकशी आहे. स्त्रीसाठी म्हणून राखून ठेवलेला प्रश्न एकच आहे, आणि तो वीस वर्षांच्या मुलीच्या मृत्यूलाही लागू पडतो व पासष्ट वर्षांच्या आजीच्याही : मृत्यू गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी, किंवा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला काय ?